चोपन्न पायऱ्या आणि ‘आमच्या वेळी’



एप्रिलमध्ये सांडग्यांवर लिहिलं होतं, त्यानंतर एकदम आज. मे महिन्यात आमच्याकडे लेक आली. तुमच्यापैकी खूप जणींनी विचारलं, बाळ कसं आहे, तू कशी आहेस, लिहीत का नाहीस. बाळ छान आहे, गुटगुटीत आहे. मी कशी आहे हे सांगायचं तर आज थोडं भांडावं लागणार आहे. चातुर्मासातल्या पदार्थांसाठी आलेल्यांनी पुढच्या लेखाची वाट बघावी.

आम्ही सांगलीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. इमारत १९८६ सालची. तळमजला आणि वर तीन मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. लिफ्टची सक्ती इमारतीच्या उंचीवर ठरते, त्यामुळे त्या उंचीच्या आत बसतील अशा इमारती त्या काळात सगळीकडेच उभ्या राहिल्या. एका मजल्याला अठरा पायऱ्या, म्हणजे आमच्या दारापर्यंत ५४. हा आकडा मला बाळंतपणाच्या आधी माहीत नव्हता. सिझेरियन होऊन घरी आले त्या दिवशी मोजला, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, पोटाला हात लावून.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, “सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही आणि जिने शक्य तेवढे कमी.” मी मान हलवली. त्यांचं काही चुकलं नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला ‘जिने कमी’ म्हणजे घरातच बस. औषधाच्या चिठ्ठीवर कुणी तसं लिहीत नाही एवढंच.

आता पहिलं भांडण. हे सांगितलं की समोरची बाई हमखास म्हणते, “अगं, पण बाळंतिणीनं सव्वा महिना घरातच बसायचं असतं की! आपल्यात तर पंचेचाळीस दिवस बस्तीतही जात नाहीत. तुला कुठं जायचंय?”

मैत्रिणींनो, ती पद्धत कुठल्या घरातली होती ते आठवा. माझ्या आजीच्या घरी, शिरोळ तालुक्यात, बाळंतिणीची खोली होती, पण खोलीबाहेर सोपा होता, सोप्याबाहेर अंगण. सासू, जावा, दोन नणंदा, न्हाऊ-माखू घालायला येणारी बाई. बाळंतीण बसून राहायची कारण बाकी सगळ्या उभ्या असायच्या. दुपारी दारात खाट टाकून ऊन खायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. तिला विश्रांती होती आणि माणसंही होती. आमच्या दोन खोल्यांत सकाळी नऊला हे कामावर गेले की मी, बाळ आणि कुकर. बाळाचे कपडे कोण धुणार? मीच. दूध संपलं तर? संध्याकाळी साडेसातला हे येताना आणणार. आणि आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, म्हणजे ती पिशवी दुसऱ्या दिवशीच्या कामाची. सहा आठवडे माणसांच्या मधोमध बसून राहणं आणि चार महिने दाराआड एकटं राहणं या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नका.

माझी आई जयसिंगपूरहून आली आणि चाळीस दिवस राहिली. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं केलं. पण तिचे गुडघे दुखतात. चाळीस दिवसांत ती चार वेळा खाली उतरली. जाताना म्हणाली, “मलाबी तुझ्याबरोबर बाळंतपण झाल्यासारखं वाटलं बघ.” आम्ही दोघी हसलो. नंतर रिक्षा गेल्यावर खिडकीत उभी राहून मी किती वेळ रडले ते सांगत नाही.

ज्यांना वाटतं की प्रश्न फक्त दमण्याचा आहे, त्यांच्यासाठी एक हिशोब. वाघ, शेळी आणि गवताचं कोडं लहानपणी सगळ्यांनी सोडवलंय. होडीत एका वेळी एकच, आणि मागे राहिलेल्यांनी एकमेकांना खायचं नाही. माझं कोडं असं. बाळ, बाबागाडी आणि भाजीची पिशवी. बाबागाडी आठ-नऊ किलोची, ती आणि बाळ एकदम वर नेता येत नाही. बाळ खाली ठेवून गाडी वर न्यायची? रस्त्यालगतच्या पार्किंगमध्ये दोन महिन्यांचं मूल एकटं? बाळ आधी वर न्यायचं, कुलूप लावून पुन्हा खाली? मग ते रडतं आणि मी पहिल्या मजल्यावर. वाघ-शेळीच्या कोड्याला उत्तर तरी आहे. माझ्या कोड्याचं उत्तर म्हणजे गाडी वापरायचीच नाही. ती बारशाला आलेली गाडी आमच्या गॅलरीत उभी आहे, तिच्यावर दुपटी वाळत घालतो.

मग मी काय केलं? झोळीसारखं बांधायचं कापड घेतलं, बाळ छातीशी बांधलं की दोन्ही हात मोकळे. हा सगळ्यात चांगला उपाय, पण टाके भरल्यावरच, आणि बाळाचं नाक-तोंड उघडं राहतंय ना ते सतत बघून. आणि दोरीची टोपली. भाजीवाला खाली आला की टोपली सोडायची. दोडका, भोपळा, गवार वर येते. मोड आलेलं काही तो टाकतो का ते बघायला मी खाली नसते, पण ते असू दे. गॅसची टाकी आणणाऱ्या भावाला मजल्यामागे पैसे द्यावे लागतात आणि मी ते वाद न घालता देते, कारण नुसता गॅस १४.२ किलोचा, वर टाकीचं वजन. ते तो खांद्यावर घेऊन चोपन्न पायऱ्या चढतो.

ही टोपली माझी नाही. तिची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण या लेखात मी दुसऱ्यांना बोलणार आहे आणि माझा हिशोब आधी चुकता करायला हवा.

आमच्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहायच्या. सत्तरीच्या पुढच्या, गुडघे गेलेले. २०२२ च्या वार्षिक सभेत त्यांनी लिफ्टचा विषय काढला. कुणीतरी बाहेरच्या बाजूनं लोखंडी सांगाड्यात बसणाऱ्या लिफ्टचं कोटेशनही आणलं होतं. सोळा घरांत वाटलं तर घरटी लाखाच्या आसपास. आजी सभेत म्हणाल्या, “वर्षभरात मी बस्ती दोनदा बघितली.” मग हात वर करायला सांगितलं. आमच्या घराचे हप्ते चालू होते, मी तेव्हा तीन मजले पळत चढायची. मी हात वर केला नाही. मनात काय आलं तेही लिहिते: आजींना दर्शनाला जायचंय म्हणून आम्ही लाख रुपये का घालायचे? पुढच्या वर्षी आजी इचलकरंजीला थोरल्या मुलाकडे गेल्या, तिथं तळमजला आहे. जाताना प्रत्येक वळणावर प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून बसत बसत उतरल्या. मीच ते स्टूल धरलं होतं. तेव्हाही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

बाळ झाल्याचं कळल्यावर आजींचा फोन आला. मला वाटलं आता टोमणा येणार. त्या म्हणाल्या, “माझ्या गॅलरीत दोरीची टोपली टांगलेली आहे, नवीन भाडेकरूकडनं मागून घे. गाठ डाव्या बाजूला मार, उजवीकडं सज्जाला अडकते.” बस, एवढंच.

म्हणून मी जे पुढं लिहितेय ते आधी मला लागू आहे.

जुलैच्या शेवटी, बाळ दहा आठवड्यांचं असताना, लस द्यायला गेले होते. बाळाच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात, त्या काही मजला विचारून येत नाहीत. येताना पाऊस. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर छत्र्यांचं पाणी साचलेलं, दिवा गेलेला. आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला, आतल्या. त्या दिवशी कापड भिजलं म्हणून बाळ त्याच हातावर होतं. पाय घसरला आणि मी दोन पायऱ्या बसत खाली आले. बाळाला काही झालं नाही, ते जागंही झालं नाही. माझ्या कमरेला काळं-निळं झालं. मी तिथंच पायरीवर बसून णमोकार म्हणत होते की नुसती थरथरत होते ते आठवत नाही. घरात आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. का? कारण सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, मग खाली जाऊच नकोस.

इथंच माझं खरं भांडण आहे. पडण्याची भीती दाखवली की सगळे बाईला घरात ठेवायला तयार होतात, जिना बदलायला कुणी तयार होत नाही.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेला मी बाळाला मांडीवर घेऊन बसले आणि विषय पुन्हा काढला. जी उत्तरं आली ती तुमच्याही इमारतीत येत असतील.

“आमच्या वेळी आम्ही नाही चढलो?” चढलात, काकू. दोन पोरं काखेला आणि घागर डोक्यावर घेऊन चढला असाल. पण मग तुम्हाला ते आवडलं होतं का ते सांगा. मी त्यांना सभेनंतर बाजूला विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “दुसऱ्या खेपेला माझं अंग बाहेर यायला लागलं होतं, कुणाला सांगायची चोरी.” हे सभेत का नाही सांगितलं? आपण बायका आपलं दुखणं चाळीस वर्षं लपवतो आणि मग तेच दुसरीला फूटपट्टी म्हणून दाखवतो.

“जिना म्हणजे व्यायाम.” असेल. तो ज्याला करायचाय त्याला लिफ्ट आल्यावरही करता येतो, जिना कुणी पाडत नाही. दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात वयोवृद्ध मुनीमहाराजांचा आहार आमच्या इमारतीत व्हायचा होता. चौका कुणाकडे लावायचा यावर एक मिनिटही चर्चा झाली नाही. महाराजांना जिने नकोत म्हणून तळमजल्यावरच लावला. अगदी योग्य केलं, मी स्वतः पाणी गाळायला होते. पण तेव्हा कुणाला व्यायाम आठवला नाही. वैयावृत्त्य म्हणजे सेवा, आणि आपण ती अंतरंग तपात मोजतो. ज्याचं शरीर त्या वेळी साथ देत नाही त्याच्यासाठी आपणहून वाट सोपी करणं आपल्याला जमतं. मग टाके पडलेल्या सुनेसाठी आणि गुडघे गेलेल्या आजीसाठीच ते का विसरतं? पाण्यातला जीव दिसत नाही तरी आपण फडकं बांधून गाळतो. जिन्यात बसलेली बाई तर दिसते.

“वर्षभरात मूल चालायला लागेल.” हे ऐकून मला हसू आलं. चालायला लागलेलं मूल आणि चोपन्न पायऱ्या!

“विकून लिफ्टवाल्या इमारतीत जा.” यावर मी काही बोलले नाही, हप्ते अजून चालू आहेत.

आणि शेवटचं, तळमजल्यावरच्या एका दादांचं: “आम्हाला लिफ्टचा काय उपयोग? ज्यांना हवी त्यांनी पैसे घाला.” हे बोलणं वरवर सरळ वाटतं, म्हणून यावर जरा थांबते. गेल्या पावसाळ्यात ड्रेनेज तुंबलं आणि घाण तळमजल्यावरच्या न्हाण्यांत आली. दुरुस्तीचा खर्च सोळा घरांत वाटला. तिसऱ्या मजल्यावर आमची न्हाणी कोरडीच होती, आम्ही हिशोब विचारला नाही आणि विचारायचाही नव्हता. संस्थांच्या आदर्श उपविधींतही लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असं आहे, तुम्ही वापरा की नका वापरू. इमारत म्हणजे सोळा वेगळी घरं एकावर एक रचलेली असतील तर प्रत्येकानं आपापली टाकी, आपापला पंप बघावा. तसं कुणी म्हणत नाही. फक्त लिफ्टच्या वेळीच इमारतीचे मजले होतात.

आणि दादा, ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी. तळमजल्यावरची चारही घरं वर आली. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं, आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं सहा दिवस राहिली. वीज नाही, नळाला पाणी नाही. होडीतून जेवणाची पाकिटं यायची, त्यात बटाट्याची भाजी असली की ती आम्ही तुम्हाला द्यायचो आणि आम्ही मुगाची खिचडी शिजवायचो, पाणी उकळून मोजून प्यायचो. त्या अकरा माणसांत तुमचा सात महिन्यांचा मुलगा होता. वहिनी त्याला घेऊन आमच्या पलंगावर झोपायच्या. तुम्ही तळमजल्यावर घर का घेतलंत, स्वस्त पडलं म्हणून ना, मग आता भोगा, असं त्या सहा दिवसांत आमच्यापैकी एकानं तरी म्हटलं का? २०२१ ला पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा आम्हीच खाली येऊन तुमचा फ्रिज वर नेला. चौघांनी, याच जिन्यानं.

मी हे सभेत असंच बोलले. आवाज चढला होता, बाळ दचकून रडायला लागलं. दादा गप्प बसले. अध्यक्ष म्हणाले विषय चांगला आहे, पुढच्या वार्षिक सभेत घेऊ. म्हणजे अजून एक वर्ष. तोवर जिन्याला दुसऱ्या बाजूला कठडा आणि वळणावर दिवा एवढं मंजूर झालं. ते पंधरा दिवसांत झालंही, आणि त्यासाठी मनापासून आभार. बाबागाडी जिन्याखाली ठेवायला मात्र नकार, तिथं विजेचे मीटर आहेत. ते कारण खरं आहे, आगीचा धोका असतो. मग पार्किंगच्या कोपऱ्यात साखळीनं बांधून ठेवते म्हटलं, तर तिथं एक मोटारसायकल उभी असते. ती तीन वर्षं चालू झालेली नाही.

लिफ्ट येईपर्यंत तुम्ही काय करू शकता, हेही सांगते, कारण कितीतरी जणी बाळ बघायला येतात. बाळाला टोपडं आणता, फार गोड वाटतं. पण चोपन्न पायऱ्या चढून येणार असाल तर खालून एक फोन करा, “येताना काय आणू?” जाताना कचऱ्याची पिशवी न्या. तिला म्हणा, बाळाला मी बघते, तू अर्धा तास खाली रस्त्यावर चालून ये. आमच्याकडे आशाताई यायच्या, बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत त्यांच्या ठरलेल्या भेटी असतात. बाळाचं वजन, ताप, नाळ बघून झाल्यावर त्या दर वेळी मला विचारायच्या, “तुम्ही जेवलात का?” घामानं भिजून वर आलेल्या. त्यांना मी पाणी द्यायच्या आधी त्या मला विचारायच्या.

पंचेचाळिसाव्या दिवशी लेकीला बस्तीत नेलं, कानात णमोकार सांगितला. त्या दिवशी आम्ही तासभर बस्तीच्या ओट्यावर नुसतेच बसलो होतो. यांनी विचारलं, “निघायचं ना?” मी म्हटलं, थांबा जरा. सपाट जमीन होती, येणारे-जाणारे बाळाकडे बघून हसत होते, आणि मला वर जायची घाई नव्हती.

आता कामाचं. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा महिन्याच्या आत बोलवावी लागते, असं उपविधींत आहे. आमच्या सोळांमध्ये म्हणजे चार सह्या. एक आमची. दुसरी त्या काकूंची, ज्या ‘आमच्या वेळी’ म्हणाल्या होत्या. तिसरी सही परवा रात्री मिळाली, तळमजल्यावरच्या वहिनींची. घर त्यांच्या नावावर आहे, सभासद त्याच आहेत, हे मला माहीत नव्हतं. कागद द्यायला त्या स्वतः वर आल्या, हातात त्यांच्या मुलाची जुनी, नीट घडी घातलेली दुपटी होती. दादांना सांगितलंय का विचारलं, तर म्हणाल्या, “सांगीन की.”

चौथ्या सहीसाठी इचलकरंजीला फोन लावलाय. आजींचं घर भाड्यानं दिलं असलं तरी सभासद त्या अजून आहेत. रविवारी हे कागद घेऊन जाणार आहेत. मी आणि लेकही जाणार आहोत.